अंबाजीची जीभ

किहीमच्या वाडीत माडी उतरवणारे पुष्कळ होते, पण चाखणारा एकच, अंबाजी. माडावरून खाली आलेलं मडकं दुकानात जाण्याआधी त्याच्या जिभेपुढून जायचं. करवंटीत दोन घोट ओतून त्याच्या हातात द्यायचे. तो ते तोंडात घ्यायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा, डोळे बारीक करायचा आणि पिचकन बाजूला थुंकायचा. मग म्हणायचा, "चालंल." नाहीतर म्हणायचा, "न्हाय." तिसरा शब्द नाही. माड कुणाचा, माडी पहाटेची का सांजेची, मडकं धुतलेलं का नुसतं विसळलेलं, हे सगळं थुंकण्याआधीच त्याला कळलेलं असायचं. "न्हाय" म्हटलेलं मडकं लोक तिथल्या तिथं माडाच्या बुंध्यात ओतून टाकत. वाद घालत नसत.

लग्नाच्या मांडवातही तोच रिवाज. घरधन्यानं पहिली करवंटी स्वतः भरून अंबाजीपुढं धरायची आणि त्याचं "चालंल" ऐकल्याशिवाय पाहुण्यांनी ओठ ओले करायचे नाहीत. हा मान त्याच्या बापाचा, आज्याचा. त्यासाठी त्यानं जीभ देवासारखी जपली होती. तंबाखू नाही, विडी नाही, तिखट नाही. आणि पिणं तर नाहीच. आयुष्यभर दारूच्या वासात वावरून एक घोट कधी घशाखाली उतरवला नाही. त्याच्या बायकोला, रंगूला, त्याचं कालवण वेगळं काढावं लागे. "बालंतिनीला घालावं तसं घालते याला," असं ती विहिरीवर सांगायची आणि बायका हसायच्या.

पण पन्नाशीला टेकला आणि गुडघ्यांनी दगा दिला. एकेक करत माड सुटले, तरण्या पोरांकडे गेले. चावडीवर बसायला जागा मिळायची, देवळाच्या कोठडीची चावी त्याच्याच कमरेला असायची, माडीच्या मक्तेदाराच्या दुकानातून घरी तांदूळ यायचा, ते सगळं त्या जिभेच्या जोरावर. ती गेली, तर मागं गुडघे धरून बसलेला एक म्हातारा उरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याची त्याला धास्ती होती आणि ती त्यानं कुणाला, रंगूलासुद्धा, बोलून दाखवली नव्हती.

ही गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या दोनेक वर्षं आधीची. शिमगा नुकताच झाला होता. खांदेरी बेटाच्या बाहेर कुठल्याशा परदेशी बोटीचं बूड खडकाला घासलं, आणि बोट हलकी करायला वरच्यांनी माल दर्यात लोटला, असं मागाहून कळलं. सकाळच्या भरतीनं दोन लाकडी पिंपं किहीमच्या वाळूत आणून टाकली. एक बैलाच्या धडाएवढं, एक त्याच्या निम्मं.

ती पहिल्यांदा दिसली बाबाजीला. बाबाजी हा अंबाजीचा लंगोटीयार. दोघांनी माडावर चढायला एकाच बुंध्यावर शिकलेलं. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा, आणि वैशाखात पोरीचं, कोकिळेचं, लग्न ठरल्यापासून जमिनीवर पाय नसलेला. त्याची म्हातारी आई आवडाबाई पलीकडं सुरूच्या काटक्या वेचत होती. तिनं पिंपं बघितली आणि तिथूनच ओरडली.

"बाबाजी, हात लावू नको! एक भरती जाऊ दे!"

किनाऱ्यावरचा जुना नेम तो. दर्यानं टाकलेली वस्तू एक भरती तिथंच राहू द्यायची. ज्याची असेल तो पुढच्या पाण्याला घेऊन जातो. नाही नेली तर नारळ देऊन उचलायची. मोडकं वल्हं सापडलं तरी लोक हा नेम पाळत.

"आये, तवर आबकारीचा शिपाई उचलून नेईल," बाबाजी हसला. "त्याला कुठं भरती-ओहोटी कलते?"

"मंग नारल तरी दे."

"देतो गो. मागनं देतो."

तो नारळ मागं राहिला तो राहिलाच.

बाबाजीनं तिघांना हाक मारली. एक अंबाजी. दुसरा दादू, त्याची होडीची खोप केवड्याच्या बनाआड होती म्हणून. तिसरा कान्हा. कान्हानं सगळी जवानी बोटीवर खलाशी म्हणून काढली होती आणि गावात राहूनही तो अजून गावात आलेला नव्हता. कुठलीही गोष्ट निघाली की याची तिकडची एक तयार. पिंपावर एक जळकी खूण होती, ती बघून त्यानं मांडीवर थाप मारली.

"इस्पान मुलखाची! मालागाच्या धक्क्यावर अशी पिंपं रचून ठेवलेली असतात. द्राक्षाची दारू, लाल. तिकडं तिंतो म्हनतात."

"भिंतो म्हन," दादू म्हणाला. "शिपायानं बघितली तर भिऊनच मरायचो."

दादूचं खोटं नव्हतं. सरकारला न सांगता परदेशी दारू लपवली म्हणजे अलिबागच्या कोर्टात उभं राहणं. म्हणून दुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा चौघांनी पिंपं खोपीत लोटत नेली. लहान पिंप धड होतं. ते त्यांनी तसंच केवड्याच्या मुळाशी वाळूत पुरलं, वरची बूच मारलेली जागा तेवढी पाल्यानं झाकली. मोठ्याची एक फळी खडकावर फुटली होती. खोपीतली वाळू त्याच्याखाली लाल होत चालली होती, बोकड कापल्यासारखी.

"हे ठिवता यायचं न्हाय," कान्हा म्हणाला. "वतून घ्या आनि लाकूड जालून टाका."

ओतायचं कशात? वाडीतली मडकी माडांवर, आणि ती शिपायाच्या नजरेतली. अंबाजीचा हात कमरेच्या चावीकडं गेला.

देवळाच्या कोठडीत गावकीची भांडी असत. तांब्याचे हंडे, लग्नाकार्याचे. लग्नसराईला अजून अवकाश होता. त्यातले दोन सगळ्यांत मोठे हंडे चौघांनी बांबूला टांगून खोपीत आणले. अंबाजीनं आत डोकं घालून वास घेतला. स्वच्छ. आतून तांबूस, लख्ख घासलेले. गेल्या वैशाखात ओळीनं लग्नं झाली होती आणि आतली कल्हई पार उडून गेली होती. ते त्याला दिसलं नाही असं नाही. पण भांडं आतून कुठल्या रंगाचं आहे हे बघणं बायकांचं काम. त्याचा जन्म मातीच्या मडक्यात गेलेला. घरी रंगू कल्हई गेलेल्या पातेल्यात चिंचेचं सार कधी ठेवत नसे. का ठेवत नसे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"लाकडातनं काढलीस तर चार दिसांत आंबंल," कान्हा म्हणाला.

"माझ्या जिभेला इचारून आंबंल," अंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दुपारपासून खोपीत बैठक बसू लागली. पुरलेल्या पिंपातली दारू फिकी, करवंदाच्या रसाच्या रंगाची. हंड्यातली काळी, जांभळाच्या डागासारखी. एकीला त्यांनी गोरी म्हटलं, दुसरीला काळी.

बैठकीची रीत कान्हाची. तिकडं म्हणे पेल्यावर एक छोटी बशी ठेवतात, झाकण म्हणून, म्हणजे चिलटं पडत नाहीत. आणि बशी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिच्यात घासभर खायला. पेला बदलला की बशी बदलली.

"घासभर?" बाबाजी म्हणाला. "तेवढ्यात मांजराचं तरी भागतं काय?"

"पोट भरायचं नसतं रे येड्या. घोट घ्यायचा, घास घ्यायचा, बोलायचं. परत घोट."

"आनि चढल्यावर?"

"चढू द्यायची न्हाय."

"मंग मेल्या प्यायची कशाला?"

तरी रीत जमली. बशीच्या जागी भेंडीचं पान. रोज एकानं काही आणायचं आणि ते करवंटीवर झाकून ठेवायचं. दादूनं निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणला. कान्हानं खडकावरची कालवं फोडून आणली, वर मीठ नाही, लिंबू नाही, नुसती दर्याच्या पाण्यातली. अंबाजीनं रंगूकडून कोकम लावलेल्या तिसऱ्या शिंपल्या मागून घेतल्या. "कुनासाठी?" तिनं विचारलं. "दादूच्या खोपीत बसतो जरा," तो म्हणाला. तिनं पानात बांधून दिल्या, पुढं विचारलं नाही.

बोंबलाबरोबर काळी चांगली, कालवांबरोबर गोरी, हे अंबाजीनं पहिल्याच दोन दिवसांत ठरवून दिलं. तो घोट घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा आणि सांगायचा. बाकीचे तिघे गिळायचे. आणि गंमत ही, की तोंडात नवी चव येताच अंबाजीला विशीतला असल्यासारखं वाटू लागलं. माडी त्याला पाठ झाली होती. ही पाठ नव्हती. हिच्यात लाकूड होतं, ऊन होतं, कुठल्यातरी लांबच्या मातीचा धुरळा होता. तो डोळे मिटून बसायचा आणि बाकीचे गप्प राहायचे, देव अंगात येण्याची वाट बघावी तसे.

"काय म्हनतेय?" बाबाजी विचारायचा.

"काली ठेवल्यानं पिकंल," अंबाजी म्हणाला. "आता कवली हाय."

"उघड्यावर पिकत नसते," कान्हा म्हणाला. "मी सांगतो."

"तू बोटीवर भांडी घासलीस कान्हा. चाखलीस कवा?"

दादू नि बाबाजी हसले. कान्हाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. आणि तिथं अंबाजीचा शब्द अडकला. काळी पिकणार, हे तो बोलून बसला.

काळी बदलू लागली. पहिल्यांदा नुसती बोथट. मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी. ज्या दुपारी बाबाजी कैरीच्या फोडी मीठ लावून घेऊन आला, त्या दुपारी ते काय आहे हे अंबाजीला कळलं. घोट थुंकून टाकला तरी चव गेली नाही. लहानपणी हट्टानं तांब्याचा पैसा तोंडात धरला होता, तीच चव. तोंडाला पाणी सुटलं, गिळावंसं वाटेना असं पाणी.

तिघं त्याच्याकडं बघत होते. कान्हा जरा पुढं झुकून.

"काय?" कान्हा म्हणाला. "आंबली ना?"

अंबाजीनं कैरीची फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. "न्हाय" म्हणायला एवढासा वेळ लागला असता. मग कान्हानं मांडीवर थाप मारली असती, चावडीवर सांगितलं असतं, अंबाजीला परदेशी कळत नाही, आता माडीचंही बघायला पाहिजे. गुडघे गेले, आता जीभही.

"पिकतेय," अंबाजी म्हणाला. "चालंल."

बाबाजीनं करवंटी एका दमात रिकामी केली आणि ओठ पुसले. "कशी झनझनीत झाली बघ! गोरी म्हंजे पानी. ही खरी." मग हंड्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐका. माझ्या कोकिलेच्या हलदीला हीच वाडायची. आक्षीहून नवऱ्याकडची मानसं येनार हायत. जन्मभर सांगत ऱ्हातील, किहीमला काय प्यायलो. एक हंडा मांडवात, एक मागं. अंबाजी, तूच चाखून दे, सगल्यांसमोर."

"देईन," अंबाजी म्हणाला.

पुढच्या दुपारी दादूला ढाळ लागले म्हणून तो आला नाही. "कालवं बाधली," तो म्हणाला, आणि तेव्हापासून गोरीवरच राहिला. कान्हानंही काळीला हात लावणं सोडलं. आकसानं सोडलं, असं बाबाजीचं मत. बाबाजी मात्र तिचाच झाला. सकाळी माड आटोपला की तो एकटाच खोपीकडं वळायचा. लग्नाची दगदग, ऊन, पाहुणे. एक करवंटी घेतली की बरं वाटायचं. एकदा केवड्यात बसून त्यानं भडाभडा ओकलं. हिरवट पडलं. "पित्त," तो तोंड धुऊन म्हणाला. अंबाजी शेजारी उभा होता. त्यानं पायानं वर वाळू ओढली.

"थोडी कमी कर," तो म्हणाला.

"का? तूच म्हनतोस ना चालंल?"

अंबाजी घराकडं वळला. घरी येऊन त्यानं चूळ भरली. परत भरली. रंगूनं वाढलेला भात त्याला पैशासारखा लागला.

म्हातारी आवडाबाई तेवढी रोज दर्याकडं तोंड करून पुटपुटायची. नारळ दिला नाही, नारळ दिला नाही. तिनं स्वतः एक नारळ नेऊन पाण्यात टाकला. लाटेनं तो परत आणून तिच्या पायाशी ठेवला. तिनं परत टाकला. परत आला. ती घरी आली आणि चुलीपाशी बसून राहिली.

हळदीच्या दिवशी सकाळी अलिबागचा कल्हईवाला आला. दरसाल तो पहिल्या लग्नाच्या आधी येई. यंदा आजारपणानं उशीर झाला होता. देवळासमोर त्यानं भाता लावला, नवसागराचा धूर निघू लागला आणि बायका घरोघरची भांडी घेऊन धावल्या. रंगू घरात आली.

"चावी द्या. गावकीचे हंडे कल्हईला काढायचेत. मांडवात भात शिजवायचाय."

अंबाजीनं चावी दिली. दुसरं काय करणार? तो पडवीत बसून राहिला आणि देवळाकडून येणारी तिची पावलं ऐकत राहिला. ती आली. आवाज चढवला नाही.

"दोन मोठे हंडे कुठं हायत?"

"दादूच्या खोपीत."

"काय हाय त्यात?"

"दारू. दर्यातनं आलेली."

"आंबट हाय?"

"थोडी."

"कवापासनं ठिवलीय?"

"शिमग्यापासनं."

तिनं डोक्यावरचा पदर खोचला. "चला," म्हणाली.

खोपीत एकच हंडा होता. दुसरा बाबाजीनं सकाळीच मांडवात नेलेला, वाळूत ओढत नेल्याची खूण ताजी होती. रंगूनं झाकण काढलं. आतल्या काठाला, दारूची पातळी खाली गेली होती तिथं, हिरवा पट्टा धरला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. मोराच्या पिसासारखं हिरवं.

"कलकलंय," ती म्हणाली. "कल्हई न्हाय आनि आंबट भरून ठिवलंत. ताक असं कलकलं तर आपन म्हशीला घालत न्हाय. कोन कोन प्यायलं?"

"दादूनं, कान्हानं थोडी. बाबाजी प्यायला."

"आनि तुमी?"

"मी थुकतो."

रंगूनं त्याच्याकडं बघितलं. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "तुमी थुकता." मग बोट वाळूत घासत म्हणाली, "चव कलली न्हाय तुमाला?"

त्यानं पायानं वाळू सारखी केली.

"कलली," ती म्हणाली. "उठा. मांडवात जा."

दोघांनी मिळून तो हंडा आडवा केला. काळी वाळूत गेली, गवताच्या मुळांत शिरली. त्या जागी पुढं कितीतरी दिवस काही उगवलं नाही, असं दादू सांगायचा. असेल, नसेल.

मांडवात आक्षीची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. दिवस कलला होता. ताशा वाजत होता, कोकिळा पाटावर बसलेली, बायका तिला हळद चोळत होत्या. बाबाजी हंड्यापाशी उभा होता. चार दिवस अंबाजीनं त्याच्याकडं नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं. त्याचा चेहरा पिवळा होता, हात पिवळे होते, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं. आक्षीची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगो, हलद नवरीला लावायची का बापाला?" सगळा मांडव हसला. बाबाजीही हसला आणि हसताना त्यानं पोट दाबून धरलं.

"आला आमचा अंबाजी!" तो ओरडला. "व्याहीबुवा, आता बघा. हा म्हनंल तवा प्यायची. आमच्याकडं असं हाय."

नवऱ्याचा चुलता बाळाजी मिशा पुसत पुढं सरकला. मागं पाहुण्यांच्या हातात करवंट्या. दादू नि कान्हा खांबाशी. रंगू बायकांच्या बाजूला येऊन उभी राहिली. आत दाराच्या उंबऱ्यात आवडाबाई.

बाबाजीनं करवंटी बुडवून भरली. रीत म्हणून वर भेंडीचं पान झाकलं, पानावर एक बोंबलाचा तुकडा. दोन्ही हातांनी ती अंबाजीपुढं धरली. काळी काठावरून त्याच्या पिवळ्या बोटांवर सांडत होती.

अंबाजीनं पान उचलून बाजूला ठेवलं. घोट घेतला. घ्यायची गरज नव्हती, पण घेतला. जिभेवर आला तो तांब्याचा पैसा. तो थुंकला.

"न्हाय," तो म्हणाला.

ताशा वाजतच होता. बाबाजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"न्हाय. ही कुनी प्यायची न्हाय. हंडा कलकलाय. जहर हाय."

"थट्टा करू नको अंबाजी, पावनी मानसं हायत."

"थट्टा न्हाय."

ताशेवाल्यानं हात थांबवला. बाळाजी म्हणाला, "म्हंजे आमाला जहर पाजनार व्हता काय?" आणि त्याच्या मागच्यांनी हातातल्या करवंट्या उपड्या केल्या. पण बाबाजीचं तिकडं लक्ष नव्हतं. तो अंबाजीच्या तोंडाकडं बघत होता, मडकं पुढं धरून लहानपणी बघायचा तसा.

"कवा कलकली?" त्यानं हळू विचारलं. "आज?"

आज म्हणता आलं असतं. एक शब्द पुरला असता. खांबाशी उभ्या कान्हालाही तेवढंच ऐकायचं होतं, म्हणजे अंबाजीची जीभ गेली असं म्हणायला तो मोकळा झाला असता. कुणाला काही कळलं नसतं, रंगू बोलली नसती. आणि म्हातारीनं तर आतून सुरू केलंच होतं, नारळ दिला नाही, दर्याचा कोप, दर्याचा कोप. सगळं दर्यावर गेलं असतं.

"कैरी आनलीस त्या दिसापासनं," अंबाजी म्हणाला.

बाबाजीनं मनातल्या मनात मागचे दिवस चाळले असावेत. करवंटी त्यानं जपून खाली ठेवली, जणू तिच्यात अजून काही मोलाचं आहे. मग मांडवाच्या खांबाला धरून तो खाली बसला.

"तू चालंल म्हनलास," तो म्हणाला.

"व्हय."

"रोज म्हनलास."

अंबाजी उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांत कळ येत होती, पण बस असं कुणी म्हणालं नाही. दादूनं नि कान्हानं हंडा उचलून परसात नेला आणि उलटा केला. दादूचे ओठ पांढरे पडले होते. कान्हानं जाताना अंबाजीकडं बघितलंसुद्धा नाही. आता त्याला जिंकायलाही काही उरलं नव्हतं.

लग्न झालं. कोकिळा आक्षीला नांदायला गेली. पोरीची पाठवणी करताना बाबाजीला दोघांनी धरून उभं केलं होतं. अलिबागहून वैद्य आला, त्यानं काढे दिले, ताक दिलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या आणि बाहेर येऊन हात धुतले. रंगू रोज भाताची पेज नेऊन द्यायची. अंबाजी दोनदा त्या घराच्या पायरीपर्यंत गेला. दोन्ही वेळा बाबाजी आतून म्हणाला, "कोन हाय?" आणि नाव ऐकल्यावर भिंतीकडं तोंड फिरवलं. मिरगाच्या आधीच तो गेला. आवडाबाईनं टाहो फोडला तो दर्याच्या नावानं. अंबाजीच्या नावानं ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. दर्याला दोष देऊनच तिचं समाधान झालं होतं.

गावानं अंबाजीला वाळीत टाकलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. चावी मात्र दुसऱ्याच्या कमरेला गेली. रंगूनंच ती उतरवून चावडीवर नेऊन दिली. माडाची मडकी सरळ दुकानात जाऊ लागली. पुढच्या सराईत मांडवात घरधन्यानं पहिली करवंटी भरली, सवयीनं इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःच पिऊन टाकली. बायका हंडा आणला की आधी आत बोट फिरवतात, मग ते बोट उजेडात धरून बघतात, आणि नकळत अंबाजीच्या घराकडं. ती सवय गावात अजून आहे.

अंबाजी त्यानंतरही पुष्कळ जगला. तिखट खाऊ लागला, विडी ओढू लागला. जिभेला काहीच लागेना. लागायचा तो पैसा, पाण्यातसुद्धा.

आणि गोरी तिथंच होती. वाळूत, केवड्याच्या मुळाशी, तिच्या लाकडात. दादू आणि कान्हा त्या बाजूला फिरकेनात. त्यांना गोरी नि काळी एकच झाली होती. फक्त अंबाजीला ठाऊक होतं, की ती दारू निर्मळ होती, मातीतल्या माडीइतकी निर्मळ, आणि आता खरंच पिकत असणार. पण हे सांगायचं कुणाला? "चालंल" म्हणायचं तर ते ऐकायला कुणी हवं. चैत्रात दुपारी तो कधी कधी काठी टेकत जायचा, पाला बाजूला करायचा, बुचावर हात ठेवायचा, आणि पाला परत होता तसा लावायचा.

पाच-सहा पावसाळ्यांनंतर एका आषाढात दर्यानं केवड्याचं बन खाल्लं. अंबाजी गोणपाट पांघरून वाडीच्या कडेला उभा होता. लाटेनं वाळू ओढली, मुळं उघडी पडली, पिंपाचा काळा घेर दिसला. ते एकदा गोल फिरलं आणि पाण्यात गेलं. जवळच दोघं जण होड्या वर ओढत होते. हाक मारली असती तर धावले असते, धरलं असतं.

त्यानं हाक मारली नाही. भरती पूर्ण होईपर्यंत तिथंच उभा राहिला. पिंप परत आलं नाही.